इंजिनिअरिंगसोबत धंद्याचं मायनर घ्यावं का? आधी भट्टीची वही उघड

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुला सांगता येईल. तू खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या सेमिस्टरला. कॉलेजने बिझनेस फंडामेंटल्सचं मायनर (पदवीसोबतचा जोडविषय) देऊ केलंय, फॉर्म भरायला दहा दिवस आहेत. तू तीन गोष्टी विचारल्यास: कॉमर्सचा गंध नसताना अकाउंट्स झेपेल का, प्लेसमेंटला याचा उपयोग होतो का, आणि पुढे एमबीए करायचंच असेल तर आत्ता हे कशाला. शेवटी एका ओळीत, जणू उगाच, लिहिलंयस की वडिलांची वीटभट्टी आहे, 'पण तिचा याच्याशी संबंध नाही'.

माझं उत्तर त्या शेवटच्या ओळीभोवतीच फिरणार आहे. अनोळखी असूनही 'तू' म्हणतोय, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

मी कोण, तेही सांगतो. मीही मेकॅनिकलचाच. बेळगावच्या उद्यमबागेत गेली चोवीस वर्षं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप चालवतो, आणि सात-आठ वर्षं झाली, शनिवारी इंजिनिअरिंग आणि बीएस्सीच्या पोरांना कॉस्टिंग (वस्तू कितीला पडते ते काढणं) आणि हिशेब शिकवायला जातो. कॉमर्सची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते उशिरा आणि महागात शिकलो.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू, कारण 'मायनर' हा शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरत नाहीत. इंजिनिअरिंगमध्ये मायनर म्हणजे नेहमीच्या पदवीवर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात पंधराएक तासांचे वर्ग, म्हणजे १८ क्रेडिटला २७० तास झाले, तेही अभ्यास सोडून. तू खानापूरहून रोज एसटीने ये-जा करत असशील तर हे तास कुठून येणार ते आधी ठरव. बीए-बीएस्सीची गोष्ट वेगळी. कर्नाटकाने नवीन शैक्षणिक धोरण २०२१-२२ ला सगळ्यांच्या आधी घेतलं आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर आणलं. त्यामुळे राणी चन्नम्मा विद्यापीठाखालच्या कॉलेजात शिकणारी तुझी मैत्रीण आणि महाराष्ट्रातल्या चंदगडला शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणारा तुझा मामेभाऊ 'मायनर'बद्दल बोलतील तेव्हा दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतील. मामेभावाकडे मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) रचनेतच आहे, तुझ्याकडे ते जादा ओझं आहे. त्यांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नकोस.

दुसरं, विषय कोणते आहेत ते बघ. 'बिझनेस फंडामेंटल्स' या नावाखाली काहीही खपतं. मी पाहिलेल्या एका अभ्यासक्रमात सहापैकी चार पेपर व्यवस्थापनाची तत्त्वं, संघटनवर्तन, नेतृत्व आणि संवादकौशल्य असे होते. वाईट विषय नाहीत ते, पण वीस वर्षांची पोरं, ज्यांनी अजून कुणाला पगार दिलेला नाही, ते पाठ करण्यापलीकडे काय करणार? तुझ्या यादीत आर्थिक हिशेब, कॉस्टिंग, आणि व्यापारी कायदा किंवा कर, या तीनपैकी निदान दोन असतील तर पुढे वाच. नसतील तर फॉर्म भरू नकोस, वेळ वाचव. मार्केटिंगचा एखादा पेपर असला तर चालेल.

आता माझी गोष्ट, कारण कॉस्टिंगवर एवढा जोर का देतो ते त्याशिवाय कळायचं नाही.

२००९ ची गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीनिंगला आल्या. कास्टिंग (ओतीव भाग) त्यांचं, काम माझं. मी नगाला ३८ रुपये भाव दिला. ऑपरेटरची मजुरी, टूल, वीज, कूलंट, हे सगळं कागदावर मांडून ३० रुपये खर्च काढला, वर आठ रुपये नफा. महिन्याला दोन हजार नग. म्हणजे ७६ हजारांचं बिल, ६० हजार खर्च, १६ हजार सुटतात. घरी पेढे नेले.

पैसे नव्वद दिवसांनी मिळायचे, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय, ते माहीत नव्हतं. पहिलं बिल वसूल होईपर्यंत तीन महिने माझे ६० हजार दर महिन्याला जात होते, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये माझ्या खिशातून गिऱ्हाइकाच्या धंद्यात जाऊन बसले. कसंबसं उचलून आणले. चौथ्या महिन्यापासून चक्र फिरायला लागलं आणि जिवात जीव आला. मग त्यांनी ऑर्डर दुप्पट केली. चार हजार नग! मी हो म्हणालो, दुसरी मशीन हप्त्यावर घेतली. आणि बुडायला लागलो. आता अडकणारी रक्कम तीन लाख साठ हजार झाली होती, म्हणजे आणखी एक लाख ऐंशी हजार हवे होते, आणि वर मशीनचा हप्ता. शनिवारी पोरांचा आठवडी पगार द्यायला बायकोच्या पाटल्या दोनदा सोनाराकडे गेल्या.

तेव्हा माझ्याकडे एक दिवाणजी यायचे. आयुष्यभर रविवार पेठेत धान्याच्या आडतीवर हिशेब लिहिलेला माणूस, निवृत्तीनंतर संध्याकाळी दोन तास माझी खतावणी बघायचे. शिक्षण जुनी मॅट्रिक. त्यांनी एका संध्याकाळी वहीतलं एक पान माझ्यापुढे सरकवलं. डाव्या बाजूला महिन्याचा नफा, उजव्या बाजूला महिनाअखेरची बँकेतली शिल्लक. नफा दर महिन्याला वाढत होता, शिल्लक दर महिन्याला घटत होती. सहा महिन्यांचे सहा आकडे, एक चढता, एक उतरता. मी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पहिला आलो होतो आणि मला ते पान समजायला अर्धा तास लागला.

मग त्यांनी माझा ३८ चा भाव सोलला. मशीनचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) धरलेला नाही. रिजेक्शन धरलेलं नाही, आणि शंभरातले दोन-तीन नग जायचे, त्यांच्या कास्टिंगची पूर्ण किंमत गिऱ्हाईक डेबिट नोट (वजावटीची चिठ्ठी) काढून माझ्याकडून कापून घ्यायचं. उचललेल्या पैशांचं व्याज धरलेलं नाही. आणि सगळ्यात हसण्यासारखं म्हणजे माझा स्वतःचा पगार धरलेला नाही. हे सगळं घातल्यावर नग चाळीसच्या पुढे जात होता. मी दुप्पट ऑर्डर घेऊन दुप्पट तोटा करत होतो.

एक आणखी गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, असा कायदा २००६ सालीच झाला होता. माहीत असता तरी एकुलत्या एका गिऱ्हाइकावर दावा लावायला मी गेलो नसतो, हे कबूल करतो. पण भाव ठरवताना '९० दिवस नको, ४५ करा, नाहीतर दीड रुपया वाढवून द्या' एवढं तोंडातून निघालं असतं. कायद्याचा पेपर खरा इथे उपयोगी पडतो, कोर्टात जायच्या कितीतरी आधी.

हे सगळं चांगल्या मायनरच्या दोन सेमिस्टरमध्ये येतं. खेळतं भांडवल (धंदा चालू ठेवायला अडकून राहणारा पैसा), घसारा, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा अशी बरोबरी), बदलता खर्च आणि स्थिर खर्च. मला ते शिकायला दीड वर्ष आणि पाटल्या लागल्या.

आता तुझ्या वडिलांच्या भट्टीकडे येऊ, जिचा म्हणे याच्याशी संबंध नाही. मी तुझी भट्टी पाहिलेली नाही, त्यामुळे आकडे माझ्या मनाचे धर आणि तुझे घालून बघ. समज, वीट ८ रुपयाला जाते. माती, मजुरी, जळण, भरणी-उतरणी मिळून नगामागे साडेपाच रुपये. उरले अडीच. जागेचं भाडं, ट्रॅक्टरचा हप्ता, रखवालदार हे हंगामाचे दोन लाख, वीट एक काढा की लाख काढा, तेवढेच. दोन लाखांना अडीचने भाग. ऐंशी हजार विटा विकल्यावर वडिलांचे हात बरोबरीला येतात, नफा त्याच्या पुढच्या विटेपासून.

आता एखादा कंत्राटदार येतो आणि म्हणतो, 'मालक, पन्नास पैसे कमी करा, मोठं काम आहे.' पन्नास पैसे म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण अडीचचे दोन झाले. दोन लाखांना दोनने भाग, एक लाख विटा. पन्नास पैशांच्या सवलतीसाठी वीस हजार विटा जादा थापायच्या, वाळवायच्या, भाजायच्या. आणि फूटतूट? शंभर विटा काढायला साडेपाचशे खर्च झाला आणि पाच फुटल्या, तर हातात पंचाण्णव विटांचे ७६० येतात. म्हणजे काढलेल्या विटेमागे अडीचचे दोन रुपये दहा पैसे झाले, आणि जुन्या भावातही बरोबरीला यायला पंच्याण्णव हजारांवर विटा काढायला लागल्या. मार्च-एप्रिलात वळीव कोसळून कच्च्या विटांचा चिखल झाला तर काय होतं, ते तू स्वतः पाहिलेलं असणार. मला सांगायची गरज नाही.

आणि पैशाची वेळ बघ. मजुरांना उचल हंगामाच्या आधी द्यायची. जळण आधी भरायचं. विटा जातात नंतर, आणि त्यातही अर्ध्या उधारीवर. माझ्या व्हॉल्व्ह बॉडीची आणि तुमच्या विटेची गोष्ट एकच आहे, फक्त तुमचं नव्वद दिवसांचं चक्र सहा-आठ महिन्यांचं आहे.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट आहे, जी बेंगळूर किंवा पुण्याच्या पुस्तकात उदाहरण म्हणून येणार नाही. आपल्याला चंदगड, शिनोळी ही शेजारची गावं वाटतात. तिथे आपल्या मुली दिलेल्या असतात, सोमवारचा बाजार शनिवारचा बाजार आपण सगळीकडे करतो. जीएसटीला ते दुसरं राज्य आहे. १ जुलै २०१७ पासून बेळगावातला माल बेळगावात विकला तर केंद्राचा आणि राज्याचा असा अर्धा-अर्धा कर, आणि तोच माल शिनोळीला गेला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा एकच कर. ते तरी फक्त रकान्याचं काम झालं. खरी अडचण पुढे आहे. माल विकणाऱ्याला साधारणपणे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. विटा आणि मातीची कौलं यांना मात्र १ एप्रिल २०२२ पासून ही मर्यादा २० लाखांचीच आहे. आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. एक ट्रक चंदगडला किंवा गोव्याला पाठवायचा तरी नोंदणी आधी हवी. कंपोझिशन (लहान धंद्यासाठीची सोपी कर योजना) घेतलेल्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

माझंच सांगतो. उद्यमबागेतून शिनोळीला दहा हजारांच्या कास्टिंगची पेटी मशीनिंगला पाठवायची झाली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं. पन्नास हजारांची मर्यादा सगळे सांगतात, पण दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे (आपल्या मालावर काम करून देणाऱ्याकडे) माल जात असेल तर रक्कम कितीही असो, बिल हवंच. ही ओळ वाचायची राहून गेल्यामुळे माझा एक टेम्पो अख्खी दुपार रस्त्याच्या कडेला उभा होता. ड्रायव्हरने तीन वेळा चहा प्यायला आणि त्याचेही पैसे माझ्याकडून घेतले.

आता 'अकाउंट्स झेपेल का'. झेपेल. माझ्या अनुभवात इंजिनिअरिंगच्या पोरांना ते कॉमर्सच्या पोरांपेक्षा लवकर कळतं, एकदा सुरुवातीची भीती गेली की. तू थर्मोडायनॅमिक्समध्ये आत आलेली ऊर्जा, बाहेर गेलेली ऊर्जा आणि साठलेली ऊर्जा यांचा मेळ घालतेस ना? ताळेबंदात दुसरं काही नसतं. अडतं ते शब्दांपाशी. डेबिट (नावे) आणि क्रेडिट (जमा) इंग्रजीतून पाठ करू गेलीस तर चक्रावशील. घेणारा नावे, देणारा जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. तीन ओळी मराठीतूनच डोक्यात बसव, पेपर इंग्रजीत लिही. मराठी माध्यमाचा तुला इथे फायदाच आहे, कारण हे शब्द पेठेतल्या वह्यांतून आलेत, परके नाहीत.

एक ठिकाण असं आहे जिथे दरवर्षी निम्मा वर्ग अडखळतो. बँकेत पैसे भरले की पासबुकात ते 'जमा' दिसतात, मग आपल्या वहीत बँकेचं खातं 'नावे' का? कारण पासबुक ही बँकेची वही आहे. बँकेच्या दृष्टीने तू देणारी, म्हणून तू जमा. तुझ्या दृष्टीने बँक घेणारी, म्हणून बँक नावे. व्यवहार एक, वह्या दोन. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

प्लेसमेंटचं थोडक्यात सांगतो. कॅम्पसला येणारी कंपनी मायनरमुळे तुला घेणार नाही, ती तुझं मेकॅनिकल बघणार. माझ्यासारखा लहान कारखानदार मात्र मुलाखतीत ड्रॉइंग पुढे ठेवतो आणि विचारतो, 'हा पार्ट कितीला पडेल?' साइकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) सगळे काढतात. मशीनचा तासाचा दर कसा काढायचा, तिथे दहातले नऊ गप्प होतात. दहाव्याला मी घेतो. खरेदी, प्लॅनिंग, कोटेशन असल्या जागांवर याचा उपयोग पहिल्या महिन्यापासून दिसतो, डिझाइनमध्ये फारसा नाही.

एमबीएचं म्हणशील तर त्याला मायनर लागत नाही, कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि पहिल्या वर्षी हेच विषय पुन्हा येतात. तेव्हा एमबीए नक्की असेल आणि भट्टीकडे बघायचं नसेल, तर मायनर सोडून गणित आणि इंग्रजीवर वेळ घाल, असंच मी सांगेन. पण 'पुढे एमबीए' हे वाक्य तिसऱ्या सेमिस्टरला निम्मा वर्ग म्हणतो. कुणाला हिशेबातच गोडी लागली तर सीएचा रस्ताही बंद नसतो. कॉमर्सच्या पदवीधराला थेट प्रवेशाला ५५ टक्के लागतात, तुम्हाला ६० टक्के, एवढाच फरक.

२७० तास परवडत नसतील तर मधला रस्ता आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर हिशेबाचे आणि कॉस्टिंगचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेचीच फी पडते. एकच कोर्स घे, बारा आठवडे कर. कॉलेज त्याचे क्रेडिट धरतं का ते आधी लेखी विचार, तोंडी 'हो' वर विसंबू नकोस. तोटा एवढाच की समोर प्रश्न विचारायला माणूस नसतो, आणि हिशेब प्रश्न विचारूनच कळतो.

तर मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं? विषयांच्या यादीत हिशेब आणि कॉस्टिंग असेल, आणि वडील वही दाखवायला तयार असतील, तर फॉर्म भरला असता. यातली दुसरी अट मी पहिलीइतकीच महत्त्वाची धरतो. वर्गात जी गोष्ट शिकशील ती त्याच आठवड्यात भट्टीच्या आकड्यांवर करून बघायची. माझ्या वर्गात ज्यांच्या घरी शहापूर-वडगावचे माग आहेत, किराणा दुकान आहे, दुधाचा रतीब आहे, त्यांना हे पटकन येतं. ज्यांच्याकडे असं काही नाही त्यांना मी कॉलेजच्या कँटीनवाल्याकडे पाठवतो.

वडील सहज वही देतील असं नाही. 'तुला काय करायचंय, तू शीक' म्हणतील. म्हणून नफ्याबद्दल विचारू नकोस. गेल्या हंगामात कुणाकडून किती येणं राहिलंय तेवढं विचार, उधारीबद्दल बाप माणूस मोकळेपणाने बोलतो, कारण तिथे तक्रार त्याची असते. ती यादी कागदावर उतरव, प्रत्येक नावापुढे किती महिने झाले ते लिही आणि खाली बेरीज मार. बेरीज झाली की इथेच कळव, रक्कम नको, फक्त सगळ्यात जुनी उधारी किती महिन्यांची निघाली तेवढं सांग. फॉर्मचं त्यानंतर बोलू, दहा दिवसांत हे एका रविवारी होतं.